स्क्रीनवरची बातमी आणि सर्व्हरवरची नोंद

बोरिवलीहून एका निवृत्त शिक्षिकेने प्रश्न पाठवला आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: पूर्वी वेबसाइट उघडायची, वाचायची, बंद करायची. आता ती मध्येच बदलते, मध्येच काहीतरी विचारते, मध्येच बाहेर काढते. गणपतीला कणकवलीचं तिकीट काढताना जागा दिसत होत्या, पैसे भरेपर्यंत वेटिंग लागलं. वीजबिल भरताना चक्र फिरत राहिलं, खात्यातून पैसे गेले आणि बिल होतं तसंच. जिथं जावं तिथं कुकीज मान्य आहेत का म्हणून विचारतात. नात म्हणते, सगळं क्लाउडवर असतं. ‘हे आत नेमकं काय चालतं, ते आमच्यासारख्यांना कळेल असं सांगाल का?’

बाई, सांगतो. अशा सेवा बांधणं आणि त्या बंद पडल्या की अपरात्री उठून पुन्हा चालू करणं हेच माझं पोटापाण्याचं काम आहे. तुमच्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती आधी सांगून टाकतो. स्क्रीनवर दिसते ती शेवटची हाती आलेली बातमी. खरी नोंद असते दुसरीकडे, सर्व्हर नावाच्या संगणकावर. बँकेचं पासबुक आठवा. त्यात छापलेली शिल्लक ही तुम्ही शेवटचं पासबुक भरून आणलंत त्या दिवसाची. मधल्या काळात चेक वटला असेल, व्याज जमा झालं असेल. ते बँकेच्या खात्यात चढलेलं असतं, पासबुकाला त्याचा पत्ताही नसतो. आजची वेबसाइट म्हणजे तुमच्या हातात असतानाच सतत भरलं जाणारं पासबुक. भरणं चालू आहे तोवर सगळं सुरळीत. ते कुठंतरी थांबलं आणि थांबलंय हे तुम्हाला कळलं नाही, की गोंधळ सुरू.

पूर्वी हा गोंधळ नव्हता, कारण पूर्वी पान सतत भरलं जातच नव्हतं. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हाची वेबसाइट म्हणजे खरोखरच पान होतं. तुम्ही पत्ता टाकायचा, सर्व्हर पान पाठवायचा, की दोघांचा संबंध संपला. काही बदललं असेल तर सगळं पान पुन्हा मागवायचं. त्या काळच्या फोन लाइनवर तेवढ्यात चहा होऊन जायचा.

बदल झाला तो दोन टप्प्यांत. १९९५ सालीच जावास्क्रिप्ट ही भाषा आली. ब्रेंडन आइक यांनी तिचा पहिला कच्चा आराखडा दहा दिवसांत उभा केला होता, आणि त्या घाईच्या खुणा आम्ही आजही निस्तरतो आहोत. या भाषेमुळे पानाबरोबर थोडं कामही तुमच्या संगणकाकडे पाठवता येऊ लागलं. दुसरा टप्पा १९९९चा. मायक्रोसॉफ्टने आपल्या ब्राउझरमध्ये, म्हणजे वेबसाइट उघडून दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, अशी सोय घातली, की सगळं पान न बदलता पाठीमागून गुपचूप थोडीशीच माहिती मागवता यावी. पाचेक वर्षं तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. मग २००४ साली जीमेल आलं, २००५ साली गूगल मॅप्स आले, आणि नकाशा माउसने सरकवला की पुढचा तुकडा आपोआप येतो हे लोकांनी पाहिलं. तिथून पुढं वेबसाइट हा प्रकार वाचण्यापेक्षा वापरण्याचा झाला.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर पाच मिनिटांचा एक प्रयोग करा. तिकिटाच्या, बिलाच्या, कुठल्याही साइटवर नाव-नंबर भरायचा फॉर्म उघडा. तो उघडा ठेवूनच मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका, वाय-फाय चालू राहिलं तर तेही बंद करा. आता नेट पूर्ण बंद. मोबाइल नंबरच्या चौकोनात नऊच आकडे भरून पुढं जाऊन बघा. बहुतेक ठिकाणी लाल अक्षरांत ‘दहा आकडी नंबर टाका’ असं लगेच येईल. नेट नसताना हे कुणी तपासलं? तुमच्याच मोबाइलने. पानाबरोबर आलेल्या जावास्क्रिप्टमध्ये आकडे मोजायची सूचना होती. तारखेचं कॅलेंडर उघडेल, मेन्यू खालीवर होईल, तेही सगळं तुमच्या हातात. आता नंबर बरोबर टाका आणि ‘ओटीपी पाठवा’ दाबा. काही होणार नाही, नुसतं चक्र फिरेल. ओटीपी पाठवणं हे सर्व्हरचं काम, आणि तिथं निरोप पोहोचलेलाच नाही.

म्हणजे एकाच पानावरची काही बटणं तुमच्या मोबाइलमध्येच काम करतात, काही दूरच्या संगणकाला विचारून. दिसायला दोन्ही सारखीच. जुन्या मोबाइलवर नेट चांगलं असूनही साइट अडखळते त्याचंही कारण हेच आहे. बरंचसं काम तुमच्या मोबाइलवर टाकलेलं असतं आणि त्याला ते झेपत नाही. दोष नेटवर ढकलायची आपल्याला सवय आहे, पण अशा वेळी नेट बिचारं निर्दोष असतं.

आणि ते फिरणारं चक्र. त्याबद्दल जरा जास्त सांगतो, कारण लोकांना सर्वांत जास्त तेच फसवतं. चक्र फिरतंय म्हणजे पलीकडे कुणीतरी तुमचं काम करतंय, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात चक्र तुमचा मोबाइल स्वतःच काढत असतो. निरोप पाठवला की चक्र चालू करायचं आणि उत्तर आलं की बंद करायचं, एवढंच त्याला सांगून ठेवलेलं असतं. निरोप पारसिकच्या बोगद्यात हरवला, उत्तर येताना वाटेत अडलं किंवा सर्व्हरच कोलमडला, तरी चक्र तितक्याच उत्साहाने फिरत राहतं. बऱ्या सेवेत ठरावीक वेळाने चक्र थांबवून ‘उत्तर आलं नाही’ असं सांगायची सोय असते. ती घालायला एखादा दिवस लागतो, आणि तोच दिवस नेमका कुणाकडे नसतो.

याच्या उलट प्रामाणिक वागण्याचं उदाहरण तुम्ही रोज बघता, व्हॉट्सअ‍ॅपच्या खुणा. निरोप लिहून पाठवला की शेजारी आधी छोटं घड्याळ दिसतं: निरोप अजून तुमच्याच मोबाइलमध्ये आहे. एक टिक: कंपनीच्या सर्व्हरपर्यंत पोहोचला. दोन टिक: समोरच्याच्या मोबाइलवर उतरला. नोंद कुठवर पोहोचली हे इतक्या साधेपणाने सांगणारी दुसरी खूण मला माहीत नाही. दुसरीकडे फोटोखालचं लाल बदाम बघा. तुम्ही दाबताक्षणी ते लाल होतं, सर्व्हरला कळायच्या आधीच. ‘होईलच मान्य’ असं गृहीत धरून मोबाइलने रंगवून टाकलेलं असतं. फोटोच्या बाबतीत याने काही बिघडत नाही. पैशाच्या बाबतीत असं कुणी करत असेल तर त्या सेवेपासून लांब राहावं.

टॅक्सी मागवल्यावर नकाशावर सरकणारी छोटी गाडीसुद्धा बरीचशी अंदाजाने चाललेली असते. ड्रायव्हरच्या मोबाइलकडून काही काही सेकंदांनी ठिकाण येतं, मधली हालचाल तुमचा मोबाइल आपल्या मनाने जोडतो. म्हणून कधीकधी गाडी इमारतीच्या पोटातून आरपार जाताना दिसते. तिच्याकडे बघून खाली उतरायची घाई करू नका.

आता तुमचं कणकवलीचं तिकीट.

१ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. त्याआधी ही मुदत १२० दिवसांची होती. सकाळी ८ वाजता खिडकी उघडते. गणपतीच्या आधीच्या दोन-तीन दिवसांच्या कोकणकन्या, तुतारी, मांडवीसाठी लालबागपासून विरारपर्यंत आणि कुलाब्यापासून बदलापूरपर्यंत अर्धी मुंबई त्याच मिनिटाला साइटवर असते. तुम्हाला ‘उपलब्ध’ दिसलं ते ज्या क्षणी विचारलं त्या क्षणाचं, आणि कधीकधी त्याच्याही आधीचं. प्रत्येक विचारणाऱ्यासाठी मूळ नोंदवही उघडायची म्हटलं तर ती नोंदवहीच बसेल. म्हणून असे आकडे थोडा वेळ जवळ साठवून ठेवतात आणि सगळ्यांना तेच दाखवतात. काही ठिकाणी त्या आकड्याखाली ‘इतक्या मिनिटांपूर्वी’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ते कुणी वाचत नाही.

मग तुम्ही नावं भरता, वयं भरता, खालचा बर्थ हवा म्हणून टिक करता, कोड टाइप करता, बँकेच्या पानावर जाता, ओटीपीची वाट बघता. या सगळ्या वेळात ती जागा तुमच्यासाठी कुणीही राखून ठेवलेली नसते. पैसे पोहोचल्यावरच नोंदवहीत जागा शोधली जाते, आणि तोवर ती गेलेली असते. सिनेमाच्या तिकिटाला असं होत नाही. तिथं खुर्चीवर बोट ठेवलं की ती काही मिनिटं तुमच्यासाठी बाजूला निघते, वर उलटं घड्याळही चालू होतं. रेल्वे तसं का करत नाही, असं तुम्ही विचाराल. पैसे न भरता जागा अडवता आली असती, तर आठ वाजून एका मिनिटाला सगळी गाडी दलालांनी अडवली असती आणि पुढची दहा मिनिटं बाकीच्यांना शून्य दिसलं असतं. दोन्ही पद्धतींत कुणीतरी वैतागणारच. कुणी वैतागायचं, एवढंच ठरवायचं असतं.

तुमच्या हातात आहे ते मधला वेळ कमी करणं. आयआरसीटीसीवर प्रवाशांची नावं आधीच भरून ठेवायची यादी असते, ती आदल्या दिवशी भरा. पैसे ई-वॉलेटमधून दिले तर बँकेच्या पानावरची फेरी वाचते. आणि ‘पक्की जागा मिळाली तरच तिकीट काढा’ अशा अर्थाचा एक पर्याय तिथं असतो, त्यावर टिक करा. मग वेटिंगचं तिकीट गळ्यात पडत नाही. तिकीट निघालं नाही आणि पैसे कापले गेले असतील, तर ते परत येतात, पण लगेच येतील अशी अपेक्षा ठेवू नका.

वीजबिलाची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथं जागा संपत नाही, तिथं निरोप हरवतो. तुम्ही ‘बिल भरा’ दाबलंत की आत काय होतं ते ओळीने सांगतो, म्हणजे घोडं कुठं अडतं ते दिसेल. वीज कंपनीचा सर्व्हर एक व्यवहार क्रमांक तयार करतो आणि पैसे गोळा करून देणाऱ्या मधल्या कंपनीला, म्हणजे पेमेंट गेटवेला, कळवतो. गेटवे तुम्हाला यूपीआय अ‍ॅपकडे पाठवतो. तुम्ही पिन टाकता. ती विनंती एनपीसीआयच्या, म्हणजे नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या, यंत्रणेत जाते. यूपीआय २०१६ मध्ये याच संस्थेने सुरू केलं, मुख्यालय आपल्या वांद्रे-कुर्ला संकुलात. तिथून ती तुमच्या बँकेकडे जाते, बँक पिन तपासते आणि रक्कम वजा करते. मग पलीकडच्या बँकेला जमा करायला सांगितलं जातं. ‘जमा झाले’ हा निरोप त्याच वाटेने उलटा येतो: एनपीसीआय, गेटवे, आणि शेवटी वीज कंपनी. कंपनीला निरोप मिळाला की बिलासमोर ‘भरलं’ अशी नोंद होते आणि तुमच्या स्क्रीनवर हिरवी खूण येते.

म्हणजे इथं नोंदवही एक नाही. तुमच्या बँकेची वेगळी, पलीकडच्या बँकेची वेगळी, गेटवेची वेगळी, वीज कंपनीची वेगळी. या चारही जुळल्या म्हणजे व्यवहार पूर्ण. तुमच्या वेळी पहिल्या नोंदवहीत पैसे वजा झाले आणि परतीच्या वाटेवर निरोप कुठंतरी अडकला. बँकेच्या दृष्टीने तुम्ही पैसे दिलेत, वीज कंपनीच्या दृष्टीने दिले नाहीत, आणि दोघंही आपापल्या नोंदीप्रमाणे खरंच बोलतायत. अशा अडकलेल्या व्यवहारांचा ताळमेळ नंतर घातला जातो. तेव्हा एकतर बिल भरल्याची नोंद होते, नाहीतर पैसे परत येतात.

परत कधी यावेत याचा नियम आहे, आणि तो लोकांना माहीत नसतो म्हणून सविस्तर लिहितो. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये परिपत्रक काढलं. यूपीआयने दुकानदाराला किंवा कंपनीला पैसे दिले, खात्यातून गेले, पण पलीकडे पावती पोहोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत आली पाहिजे. एका माणसाने दुसऱ्याला पाठवलेले पैसे त्याच्या खात्यात जमा झाले नाहीत, तर ही मुदत एकच दिवस. हे दिवस कॅलेंडरचे, सुट्ट्या वगळून मोजायचे नाहीत. मुदत उलटली तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि त्यासाठी तुम्ही अर्ज करण्याची वाट बघायची नाही, असं त्यात स्पष्ट आहे. तुमच्याकडे पुरावा म्हणून यूपीआय अ‍ॅपमध्ये त्या व्यवहारासमोरचा बारा आकडी क्रमांक हवा. बँकेत जाताना स्क्रीनचा फोटो चालेल, पण तो क्रमांक हाच खरा धागा. चारही नोंदवह्यांत तुमचा व्यवहार शोधायला तोच कामाला येतो. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, फी नाही.

आणि तेवढ्यात बिलाची शेवटची तारीख असेल तर? थोडा वेळ थांबून आधी वीज कंपनीच्या साइटवर नव्याने लॉगिन करून ‘आधी भरलेली बिलं’ बघा. उघड्या पानावर विश्वास ठेवू नका, ते जुनं झालं आहे. तिथंही नोंद नसेल तर पुन्हा भरून टाका. दोनदा गेलेले पैसे सहसा पुढच्या बिलात वळते होतात. उशिराचा आकार मात्र तुमच्या खिशातून जातो.

‘बॅक दाबू नका, रिफ्रेश करू नका’ हा दरडावणीचा मजकूर याच टप्प्यावर येतो. रिफ्रेश म्हणजे ब्राउझरने तुमची शेवटची विनंती पुन्हा पाठवणं. ती विनंती ‘बातम्या दाखव’ अशी असेल तर दोनदा गेली म्हणून काय बिघडलं? ‘पैसे काप’ अशी असेल तर बिघडू शकतं. बॅकचं उलटं: तुम्ही जुन्या पानावर जाता, पण पलीकडची नोंद पुढं सरकलेली असते, आणि दोघांचा मेळ तुटतो. नीट बांधलेल्या सेवेत प्रत्येक व्यवहाराला क्रमांक असतो, तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर सर्व्हर म्हणतो, हे झालंय, आणि जुनंच उत्तर परत देतो. तिथं तुम्ही शंभर वेळा रिफ्रेश केलंत तरी पैसे एकदाच जातात. माझं स्पष्ट मत: ती सूचना म्हणजे बांधणाऱ्याने आपली जबाबदारी वापरणाऱ्याच्या माथी मारलेली असते. पण समोरची सेवा नीट बांधलेली आहे की नाही हे तुम्हाला बाहेरून कळणार नाही, तेव्हा सूचना पाळाच.

कुकीज. वेबचा मूळ नियमच असा आहे, की सर्व्हरला प्रत्येक विनंती नवी. आत्ता नाव सांगून गेलेला माणूस दोन सेकंदांनी पुन्हा आला, तरी त्याच्या लेखी तो अनोळखी. मग लॉगिन टिकणार कसं? १९९४ साली नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीतल्या लू माँटुली यांनी तोडगा काढला. सर्व्हरने पहिल्या भेटीत एक छोटी चिठ्ठी ब्राउझरकडे द्यायची, ब्राउझरने ती दर वेळी दाखवायची. ही कुकी. ती नसेल तर लॉगिन नाही, खरेदीची टोपली नाही, काही नाही. बँकेची साइट थोडा वेळ हात लावला नाही की बाहेर काढते, कारण तिथं या चिठ्ठीची मुदत मुद्दाम थोडक्यात संपवलेली असते. सायबर कॅफेत किंवा ऑफिसच्या संगणकावर कुणी उठून गेलं तर पुढच्या माणसाच्या हाती खातं लागू नये म्हणून.

एवढंच असतं तर कुणी परवानगी मागितली नसती. पण एका साइटच्या पानावर जाहिरात कंपनीचाही तुकडा असतो आणि तो स्वतःची वेगळी चिठ्ठी देतो. त्याच कंपनीचा तुकडा दुसऱ्या शंभर साइटवर असतो. म्हणून एकीकडे तुम्ही कुकर बघता आणि आठवडाभर पंचांगापासून पाककृतींपर्यंत सगळीकडे तोच कुकर शिट्ट्या देत मागं येतो. तेव्हा चौकट आली की ‘सगळे नाकारा’ किंवा ‘फक्त आवश्यक’ बेलाशक दाबा. साइट चालते. आयफोनवरचा सफारी ब्राउझर २०२० पासून अशा परक्या चिठ्ठ्या आपणहून अडवतो, क्रोममध्ये सेटिंगमध्ये जाऊन तुम्हाला बंद कराव्या लागतात. एकदा नातीला सांगून करून घ्या. कार्डाच्या बाबतीत एक चिंता कमी आहे. १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे दुकानांच्या साइटना तुमच्या कार्डाचा पूर्ण क्रमांक स्वतःकडे साठवता येत नाही. ‘कार्ड सेव्ह करू का’ असं विचारतात तेव्हा त्याच्याऐवजी दुसरा बदली क्रमांक ठेवला जातो, जो त्या दुकानाबाहेर निरुपयोगी असतो.

लोकेशन मागितलं तर कशासाठी, एवढं विचारा. लोकलचं मोबाइल तिकीट काढताना तुम्ही रुळांपासून लांब आहात की गाडीत बसून तिकीट काढताय हे बघायचं असतं, तिथं मागणं रास्त. टॉर्चच्या अ‍ॅपने मागितलं तर अ‍ॅप काढून टाका. नोटिफिकेशनला बँक आणि घरची माणसं सोडून सगळ्यांना नाही म्हणा.

नातीचा क्लाउड फार लांब नाही. तुम्ही ठाणे-बेलापूर रस्त्याने जाता तेव्हा ऐरोली, रबाळे, महापेला ज्या बिनखिडक्यांच्या मोठमोठ्या इमारती दिसतात, त्यांतल्या काहींमध्ये तो आहे, पवई-चांदिवलीकडेही आहे. अ‍ॅमेझॉनने आपल्या क्लाउडचं मुंबई केंद्र २०१६ मध्ये सुरू केलं, गूगलने २०१७ मध्ये. मुंबईच का, तर परदेशातून समुद्राच्या तळाने येणाऱ्या बऱ्याच केबल्स इथं किनाऱ्याला लागतात, बँका इथं आहेत आणि वीज सहसा जात नाही. कंपन्या स्वतःचे संगणक विकत घेण्याऐवजी तिथले भाड्याने घेतात आणि गणपतीच्या आरक्षणासारख्या गर्दीत तासाभरासाठी आणखी घेतात. एवढाच क्लाउड.

तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगतो, कारण तुमच्या वयाच्या लोकांना सध्या हाच मार बसतोय. ‘तुमचं बिल थकलं आहे, आज रात्री वीज तोडली जाईल’ असा मेसेज येतो आणि खाली लिंक असते. ती उघडल्यावर येणारं पान हुबेहूब वीज कंपनीचं असतं. दिसणं नक्कल करणं दोन तासांचं काम आहे. पत्त्याशेजारचं कुलूप बघून निर्धास्त होऊ नका. कुलूप म्हणजे वाटेत कुणी वाचू शकत नाही, एवढंच. पलीकडे चोर बसला असेल तर त्याच्यापर्यंतही तुमची माहिती तितक्याच सुरक्षितपणे पोहोचते. लोकांचा हा गैरसमज जाईना म्हणून क्रोमने २०२३ मध्ये कुलपाचं चित्रच काढून टाकलं. बघायचा असतो तो पत्ता, आणि तोही उजवीकडून. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडून पुढं जी पहिली एकटी तिरपी रेघ येते, तिच्या लगेच डावीकडचे शब्द म्हणजे मालक. त्याच्याही डावीकडे कुणीही ‘महावितरण’, ‘अदानी’, ‘बेस्ट’ काहीही लिहू शकतं, त्याला अर्थ नाही. बँकांच्या बाबतीत हे सोपं झालंय. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपल्या नेटबँकिंगचा पत्ता ‘डॉट बँक डॉट इन’ने संपणारा करायला सांगितलं. असा पत्ता बँकेशिवाय दुसऱ्याला मिळत नाही. कुणी मेसेजमधून अ‍ॅप पाठवून ‘हे टाकून घ्या’ म्हणालं तर फोन ठेवा. पैसे गेलेच, तर त्याच तासात १९३० या क्रमांकावर फोन करा. पैसे पुढच्या खात्यातून काढले जायच्या आत गोठवता आले तरच हाती लागतात.

शेवटी तुमच्या पत्रातली ताज्या कलमाची ओळ: ‘माझं लॉगिन नातीच्या मोबाइलवर केलं तर चालेल का?’ तिकिटाचं, बिलाचं चालेल. फक्त काम झालं की लॉगआउट करा. नुसतं पान बंद केल्याने चिठ्ठी तिथंच राहते. राहून गेलं असेल तर तुमच्या स्वतःच्या मोबाइलवरून खात्याच्या सुरक्षिततेच्या सेटिंगमध्ये जा. कुठल्या कुठल्या उपकरणांवर तुम्ही आत आहात याची यादी बऱ्याच मोठ्या सेवांमध्ये असते, तिथून तिचा मोबाइल काढून टाकता येतो. यूपीआयचं मात्र जमणार नाही. ते तुमच्या सिमकार्डाला बांधलेलं असतं आणि सिम ज्या मोबाइलमध्ये, तिथंच चालतं.